वैजयंतीची विसावी केस

वैजयंतीचे हात थंड असत. मद्रासचा मे महिना, वॉर्डातला पंखा बंद पडलेला, आम्हा सगळ्यांच्या पाठीला ब्लाऊज चिकटलेले, आणि हिचे हात माठातून काढल्यासारखे. दुसऱ्या कुठल्या कामात ते चाललं असतं. पण बाळंतिणीच्या पोटावर थंड हात ठेवला की पोट आवळतं, बाई दचकते, आणि आत बाळाचं डोकं कुठं, पाठ कुठं, ते कळत नाही. बाकीच्या मुली दोनदा तळवे घासत आणि हात ठेवून मोकळ्या होत. वैजयंती आम्हा आयांच्या चहाच्या वेळी येई आणि माझा भरलेला टंबलर दोन्ही हातांत धरून उभी राही.

"अगं, पी की."

"मज प्यावयास नको, आयाम्मा. धरावयास हवा."

हात तापले की टंबलर मला परत देई आणि आत पळे. पहिले दोन महिने मी कोमट चहा प्याले.

मी तेव्हा एका मोठ्या बाळंतपणाच्या इस्पितळात आया होते. दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं झाली असतील. नवरा गिंडीला एका कारखान्यात लेथवर होता, तो गेल्यावर मी या नोकरीला लागले. मूळ गाव सांगलीकडचं, शाळा चौथीपर्यंत. तमिळ बोलते, वाचता येत नाही. इस्पितळाला विद्यापीठाचं नर्सिंग कॉलेज जोडलेलं होतं आणि तिथल्या मुली तीन-तीन महिन्यांसाठी आमच्या लेबर रूममध्ये शिकायला येत. शेकडो आल्या नि गेल्या. बहुतेकींची तोंडंही आठवत नाहीत. हिचे हात आठवतात.

ती कुंभकोणमची. तंजावरकडच्या मराठ्यांपैकी. तिचे पूर्वज कधीकाळी राजांबरोबर खाली उतरले ते तिथलेच झाले. घरात मराठी, पण ती अशी की एखादा जुना कागद उठून बोलायला लागावा. "मज ठाऊक नाही." "तुम्हांस बोलाविलें." मधेच तमिळ घुसायचं, आणि सगळं तमिळच्या चालीवर. पहिल्या दिवशी मी तिच्या तोंडावर हसले. म्हटलं, "हे कुठलं मराठी?"

ती म्हणाली, "आमचें. तुमचें कुठलें?"

मी म्हटलं, मला मावशी म्हण. तर म्हणे, "मावशी म्हणजे आईची बहीण. तुम्ही आईची बहीण नव्हे. तुम्ही आयाम्मा." इस्पितळात सगळेच आयाम्मा म्हणत. तरी मला जरा लागलं. नंतर कळलं की ही बोलते ते सगळं असंच. जे आहे ते आहे, जे नाही ते नाही.

बाईला हात लावायच्या आधी ती विचारायची. "अक्का, हात लावू का?" आमच्या लेबर रूममध्ये हे कुणी ऐकलं नव्हतं. एक बाई तर घाबरून म्हणाली, "मला काय विचारता, डॉक्टरांना विचारा." वैजयंती म्हणाली, "पोट डॉक्टरांचं नाही." शेजारच्या टेबलावरची बाई कळा विसरून हसली होती.

दुसरं, ती नावानं हाक मारायची. आम्ही म्हणायचो तीन नंबर, सात नंबर. पहिलटकरीण असेल तर "ए पोरी". वैजयंती आल्याआल्या नाव विचारी आणि मग शेवटपर्यंत नाव. केसबुकात नंबर लिहिला तरी चालत असे, ही नाव लिही, नवऱ्याचं नाही, बाईचं स्वतःचं. मुली चिडवत. "वैजी केसबुक लिहीत नाही, पत्रिका छापते."

आणि तिचं एक वाक्य होतं. आमच्याकडे तमिळमध्ये कुणाची कीव आली की "पावम" म्हणतात, बिचारी म्हणतात तसं. मुली नव्या-नव्या असताना येताजाता म्हणत, पावम, पावम. ही म्हणे, "पावम म्हणूं नका, पाणी द्या." कुणी म्हटलं की लगेच. एकदा हेड सिस्टर म्हणाल्या पावम, तर त्यांनाही. हेड सिस्टर म्हणजे वाघीण. त्यांचा मुलगा शोळिंगनल्लूरला कंप्युटरच्या कंपनीत होता आणि त्याची गोष्ट सांगताना तेवढ्या त्या मऊ व्हायच्या. त्यांनी वैजयंतीकडे डोळे वटारले. मग स्वतः जाऊन पाणी आणलं.

आता मुलींना केस कशी मिळे ते सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही. प्रत्येक मुलीला तीन महिन्यांत वीस बाळंतपणं स्वतःच्या हातांनी करायची असत. सिस्टर शेजारी उभी, पण हात मुलीचे. झालं की केसबुकात लिहायचं आणि सिस्टरची सही घ्यायची. वीस भरले नाहीत तर परीक्षेला बसू देत नसत. सहा महिन्यांनी धाकट्या मुलींबरोबर पोस्टिंग पुन्हा पहिल्यापासून करायचं. मुली पंधरा-सोळा जणी, बाया आल्या तर आल्या. तेव्हा डोकं दिसायच्या वेळी जिच्या हातात ग्लोव्ह, तिची केस. आणि डोकं केव्हा दिसेल हे आधी कुणाला कळे? डॉक्टरला नाही, सिस्टरला नाही. आम्हाला. दारातल्या स्टुलावर बसून बाईच्या नुसत्या आवाजावरून मी सांगत असे, आता दहा मिनिटं. मग मी व्हरांड्यात तोंड काढून जिचं नाव घेईन ती पळत येऊन ग्लोव्ह चढवी. नियमात हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण सगळं त्यावर चाले. म्हणून मुली आम्हाला धरून असत. प्रभा नावाची एक होती, चलाख, ती घरून वडे आणायची. तिचे वीस सगळ्यांत आधी भरले. मुली म्हणत, "प्रभाला बाळाआधी वास येतो." वास कसला, आयाम्माचं तोंड होतं.

वैजयंती वडे आणत नसे. तिनं माझ्याकडे दुसरंच मागितलं. मराठी लिहायला शिकवा म्हणाली. घरात सगळे मराठी बोलत, पण लिहिता कुणालाच येत नव्हतं. आजोबा तेवढे स्तोत्रांच्या पुस्तकामुळे देवनागरी वाचत. त्या आजोबांना तिला मराठीत एक पत्र लिहायचं होतं. मी म्हटलं, मी चौथी शिकलेय गं. ती म्हणाली, "मी पहिली देखील नाही."

चहाच्या वेळी टंबलर धरून झाला की पाच मिनिटं केसबुकाच्या मागच्या पानांवर अक्षरं. मी काढून द्यायची, ती गिरवायची. 'ळ' तिला आवडे. म्हणे, हें पोटांतल्या पोरासारखें दिसतें. आयुष्यात माझ्याकडून कुणी काही शिकलं असेल तर ते एवढंच. मला त्याचा गर्व होता हे लिहून ठेवते. म्हणून मी तिलाही नाव घेऊन हाका मारत असे, वड्यांशिवाय.

तरी तिचे आकडे मागे पडत, ते तिच्याच स्वभावानं. एकदा ती ग्लोव्ह घालून तयार, पुढ्यातली बाई आता मोकळी होणार, आणि शेजारच्या टेबलावरच्या पोरीनं तिचा पदर धरला. सोडेना. दुसरीनं झटकला असता. वैजयंतीनं ग्लोव्ह काढले, प्रभाला म्हणाली, "तू घे," आणि त्या पोरीजवळ उभी राहिली. केस प्रभाची झाली. मी नंतर रागावले. "येडी आहेस का? तिला अजून चार तास होते."

"चार तास आहेत हें तुम्हांस ठाऊक. तीस कुठें ठाऊक?"

दोन महिने झाले तेव्हा बाकीच्यांचे सतरा-अठरा, तिचे चौदा. पण महिना हातात होता. भरले असते.

आता जे सांगायचं ते सांगते.

आम्ही बाळंतिणींना मारायचो. सगळ्या आया. मांडीवर चापट, कधी दंडाला चिमटा. आणि तोंडानं जे बोलायचो ते इथं लिहीत नाही, एवढंच सांगते की नवऱ्याजवळ जाताना रडू आलं नव्हतं का, या अर्थाचं असे. मलाही माझ्या वेळी मारलं होतं. बाई ढिली पडली की बाळ अडकतं, मारलं की जोर लावते, अशी समजूत. डॉक्टर बघायचे आणि बघायचे नाहीत. मी हे कारण म्हणून सांगत नाही. होतं ते सांगते.

एक पहिलटकरीण होती, लहानच, एकोणीस-वीसची. पाय जवळ घ्यायची, ओरडायची, वर सरकायची. मी दोन चापट्या ठेवून दिल्या. तिसऱ्यांदा हात उचलला तो वरच राहिला. वैजयंतीनं माझं मनगट धरलं होतं. तिचे थंड हात मला तेव्हा पहिल्यांदा लागले.

"नको, आयाम्मा," ती म्हणाली. "तीस लागतें."

मराठीत म्हणाली. कुणाला कळू नये म्हणून म्हणाली असेल. पण मनगट धरलेलं सगळ्यांना दिसलं. सहा मुली, दोन सिस्टर, झाडूवाली. मी हात सोडवून घेतला. बाहेर आले तर कन्नम्मा, आमच्यातली दुसरी आया, दाराशीच पान लावत बसली होती. म्हणाली, "काय गं, तुझ्याच भाषेची पोरगी तुझाच हात धरते? अक्षरं शिकवलीस ना? आता तीच तुला धडा शिकवणार."

हे कन्नम्मा बोलली नसती तर मी विसरले असते असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत होते. खोटं आहे. विसरले नसते.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी वैजयंती आली. तिला येताना बघून मी चहा घाईघाईनं पिऊन टाकला, जीभ भाजली, आणि रिकामा टंबलर पुढं केला. तिनं घेतला. दोन्ही हातांत धरला. "अजून ऊन आहे," म्हणाली. मी उठून गेले. अक्षरं बंद झाली.

मग मी तिला हाक मारणं बंद केलं. हे फार सोपं असतं. काही करावं लागत नाही. फक्त दुसरं नाव घ्यायचं. प्रभा, लता, प्रभा. वैजयंती आत कुणाचा तरी हात धरून उभी असे, हाक व्हरांड्यात जाई, ती ग्लोव्ह शोधेपर्यंत दुसरीचे हात तयार. कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, ती जागेवर नव्हती. कुणी विचारलं नाही. बाकीच्या आया कधी तिचं नाव घेत, काही बाया इतक्या अचानक मोकळ्या होत की हाकेला वेळच नसे. अशा करत-करत शेवटच्या शनिवारी सकाळी तिचे एकोणीस झाले होते. एक हवी होती. रविवारी मुलींना सुट्टी, सोमवारी नवी बॅच येणार होती.

त्या सकाळी सेल्वी नावाची बाई आली. नाव मला आता ठाऊक आहे, तेव्हा ती पाच नंबर होती. दुसरं बाळंतपण, सगळं सरळ. वैजयंती आठ वाजल्यापासून तिच्याजवळ. पोटावर हात ठेवून घड्याळाकडे बघत कळा मोजायच्या, कर्णा लावून बाळाचे ठोके ऐकायचे, कमर चोळायची, पाणी द्यायचं. सेल्वी तिला सोडत नव्हती. सगळ्यांना माहीत होतं, ही वैजीची विसावी. हेड सिस्टरसुद्धा जाताजाता म्हणाल्या, "काय वैजयंती, आज संपलं ना? मग घरी जा आणि झोप." प्रभानं तर कॅण्टीनमधून गोड आणायचं कबूल केलं होतं.

दोन वाजून गेले. सेल्वीचा आवाज बदलला. घशातून यायचा तो पोटातून यायला लागला. मला कळलं, आता वीस मिनिटं. वैजयंतीला अजून कळलेलं नव्हतं. ती शिकत होती, मी बारा वर्षं ऐकत होते.

त्याच वेळी दोन नंबरच्या बाईला ऑपरेशनला घ्यायचं ठरलं. तिचं रक्त जुळवायला ब्लड बँकेत पाठवायचं होतं. सिस्टरनी ती नळी आणि कागद माझ्या हातात दिला. "आयाम्मा, पळ, घाई आहे." ते काम माझंच होतं. ब्लड बँक आवाराच्या दुसऱ्या टोकाला, तिथं नळी देऊन पावती घ्यायला रांग. जाऊन येऊन अर्धा तास.

मी नळी घेऊन सेल्वीच्या टेबलाशी गेले. स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि वैजयंतीला म्हटलं, "बाळ, माझा गुडघा धरलाय. एवढं ब्लड बँकेत देऊन येतेस? हिला अजून तास आहे."

महिन्याभरात मी तिच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. आणि "बाळ" मी तिला त्याआधी कधी म्हटलं नव्हतं.

तिनं माझ्याकडे बघितलं. मग नळीकडे. मग सेल्वीच्या कपाळावर हात ठेवून तमिळमध्ये म्हणाली, "अक्का, मी आलेच." आणि गेली. चालत नाही, पळत गेली.

पंधरा मिनिटांनी मी व्हरांड्यात तोंड काढून प्रभाला हाक मारली. प्रभा म्हणाली, "माझे वीस कधीच झाले, आयाम्मा. वैजी कुठंय?"

"ती गेलीय. तू ये. डोकं दिसतंय."

सेल्वी ओरडत होती ती वैजयंतीसाठी. "ती मुलगी कुठं आहे, त्या मुलीला बोलवा." मुलगा झाला, तीन किलोच्या वर, लगेच रडला. प्रभानं नाळ बांधली तेव्हा वैजयंती दारात आली. हातात पावती, धाप लागलेली, कपाळावर केस चिकटलेले. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही. पावती सिस्टरला दिली. हात धुतले. मग आमच्या स्टुलाकडे आली, माझा टंबलर तिथं होता, नुकताच आणलेला चहा. तो धरला, नेहमीएवढाच वेळ. आणि आत जाऊन सेल्वीला विचारलं, "अक्का, हात लावू का?" बाळंतपणानंतर पोट घट्ट होतंय का ते बघायचं असतं, ते तिनं बघितलं.

संध्याकाळी हिशेब निघाला, एकोणीस. प्रभा रडायलाच आली. "वैजी, तू लिही ना. सकाळपासून तूच होतीस. मला ती केस नकोच आहे." हेड सिस्टर पेन काढून बसल्या होत्या. वाघीण म्हणाली, "लिही गं. मी सही करते. सगळ्या लिहितात."

"होय, सिस्टर. सगळ्या लिहितात," वैजयंती म्हणाली. "पण तिथं माझे हात नव्हते."

"मग तू होतीस कुठं त्या वेळी? तुला पाठवलं कुणी?"

मी दारातच होते. झाडायचं काही नव्हतं तरी झाडत होते. मी म्हणू शकले असते, मी पाठवली, मुद्दाम पाठवली. गुडघ्याचं नुसतं सांगितलं असतं तरी सिस्टरनी कॉलेजात शब्द टाकला असता, दोन दिवस वाढवून घेतले असते. दोन वाक्यांचं काम होतं.

वैजयंती म्हणाली, "कुणी नाही, सिस्टर. मीच गेले."

मी झाडत राहिले.

तिची बॅच परीक्षेला बसली. ती बसली नाही. कुंभकोणमला घरी काय सांगितलं असेल मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

सहा महिन्यांनी ती आली. धाकट्या मुलींच्या रांगेत सगळ्यांत उंच. त्या मुली तिला अक्का म्हणत आणि पाठीमागे नापास अक्का म्हणत. पहिल्याच दिवशी दुपारी मी व्हरांड्यात तोंड काढून तिचं नाव घेतलं, एवढ्या मोठ्यानं की कन्नम्मा दचकली. आधीचे एकोणीस तेवढे धरले गेले होते, विसावी केस झाली. सही झाली. मला वाटलं, फिटलं.

फिटलं कसलं. पोस्टिंग पुन्हा पहिल्यापासून करायचं असल्यानं तीन महिने तिला यावंच लागलं. केसची गरज नव्हती तेव्हा ती दिवसभर बायांजवळ उभी राही आणि मुलींना ग्लोव्ह घालायला पुढं ढकली. चहाच्या वेळी येई. मी टंबलर भरलेला ठेवू लागले. अक्षरंही तिनंच पुन्हा काढली, जोडाक्षरं राहिली होती. 'स्त्री' लिहायला तिला आठवडा लागला. काहीच झालं नाही अशी वागे. मी ठरवून टाकलं, हिला काही कळलेलं नाही. गुडघा खरा वाटला असेल. असं ठरवलं की झोप लागते.

शेवटचा दिवस. साध्या कपड्यात निरोप घ्यायला आली, डोक्यात मोगरा. ड्यूटीवर फुलं चालत नसत, तेव्हा मी तिला फुलं घातलेली पहिल्यांदा बघितली. टी. नगरला जाऊन आईसाठी साडी घ्यायची होती, मग रात्रीच्या गाडीनं गावी. केसबुक उघडून मागचं पान माझ्यापुढं धरलं.

"आयाम्मा, मराठींत लिहिलें आहे. वाचा. मोठ्यानें."

व्हरांड्यात बाया होत्या, त्यांच्या आया-सासवा होत्या, सगळ्या तमिळ. त्या पानावरचं वाचू शकेल अशी त्या अख्ख्या इस्पितळात मीच होते. मी वाचलं. तिची अक्षरं मोठी, वाकडी, पण स्पष्ट. माझ्यासारखीच, माझ्याकडूनच शिकलेली.

"सेल्वी. सकाळीं आठ ते दोन मी जवळ होतें. मग रक्त घेऊन गेलें. आयाम्मांनीं पाठविलें. गुडघा दुखत नव्हता, मज ठाऊक होतें. पण रक्त खरें होतें."

खाली एक ओळ सोडून लिहिलं होतं, "जीस मारिलें तिचें नांव मल्लिका."

माझा आवाज शेवटच्या ओळीपर्यंत नीट होता. मी तशी रडणारी बाई नाही आणि तेव्हाही रडले नाही.

"खरें लिहिलें की?" तिनं विचारलं.

"खरं आहे," मी म्हटलं.

तिनं मान हलवली, पुस्तक मिटलं. मग मीच विचारलं, कारण ते विचारल्यावाचून राहवेना. "कळलं होतं तर सिस्टरना का नाही सांगितलंस? त्याच दिवशी?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबलें," ती म्हणाली. "त्या दिवशीं थांबलें. मग आज पावेतों थांबलें."

रागानं नाही म्हणाली. पाच नंबरला पाणी दिलं, असं सांगावं तसं म्हणाली. मी माफी मागितली नाही. काय बोलायचं ते सुचेपर्यंत ती वाकून माझ्या पाया पडली होती, आणि पाया पडलेल्या माणसाची माफी कशी मागतात ते मला चौथीपर्यंत कुणी शिकवलं नव्हतं.

पुढं काय झालं तेही सांगून टाकते, म्हणजे कुणी माझ्याबद्दल चांगलं धरून चालायला नको. त्या आठवड्यात मी कुणाला मारलं नाही. पुढच्या आठवड्यात मारलं. मारताना पोरीचं नाव विचारलं नव्हतं हे ध्यानात आलं, मग विचारलं. नाव कळल्यावर मारणं अवघड जातं. सुटायला मला वर्ष लागलं. हेड सिस्टरना सेल्वीच्या दिवसाचं मी कधीच सांगितलं नाही. त्या निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेल्या. आता सांगायचं तर इथंच, जिथं त्या वाचणार नाहीत.

निरोपाच्या त्या दिवशी मी फाटकापर्यंत वैजयंतीच्या मागं गेले. तिला कळलं की नाही माहीत नाही. टी. नगरची बस आली, भरलेली. तिला खिडकीशी जागा मिळाली. आमच्याकडे बसमध्ये उभ्या बाईनं आपलं मूल बसलेल्या बाईकडे द्यायचं असतं, ओळख असो-नसो. एक बाई तान्हं मूल घेऊन तिच्याशेजारी उभी राहिली आणि तिनं ते मूल पुढं केलं.

वैजयंतीनं बोट वर केलं, थांब. केसबुक मांडीखाली सरकवलं. तळवे एकमेकांवर घासले, पुष्कळ वेळ घासले. ती बाई मूल तसंच धरून बघत राहिली. बस हलली. मग तिनं मूल घेतलं.